गाणं थांबल्याचं कारण

आमचे हे दाराला धडकले तर दाराची माफी मागतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, नव्या बायकोसमोर गंमत करतायत. पुढे कळलं की ही गंमत नाही, हा स्वभाव आहे. बसमध्ये दुसऱ्यानं यांच्या पायावर पाय दिला तरी "सॉरी" हेच म्हणणार. भाजी खारट झाली तर "मीच तुला मध्ये हाक मारली, त्यामुळे हात चुकला असेल" म्हणून मोकळे. अशा माणसाशी भांडता येत नाही. मी लग्नापासून प्रयत्न करतेय, अजून यश नाही.

धंदा कानाचा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे कान तपासायचे आणि श्रवणयंत्र बसवून द्यायचं. गल्लीत यांना सगळे 'कानवाले' म्हणतात, आणि मी आपोआप 'कानवाल्या वहिनी' झाले. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मी: वेळ द्यायची, यंत्रातला मळ काढायचा, छोटे सेल विकायचे आणि आलेल्या प्रत्येकाशी ओरडून बोलायचं. दिवसभर ओरडून घरी गेलं की मुलगी म्हणते, "आई, मला ऐकू येतं." मागच्या खोलीत हे, यांचा कॉम्प्युटर आणि तपासणीची पेटी. पेटी म्हणजे कपाटाएवढी खोली, आतून सगळा स्पंज, जाड दार, एक खुर्ची. आत माणूस बसवायचा, डोक्याला हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. आवाज आला की बटण दाबायचं. हे बाहेरून काचेतून बघत आवाज बारीक बारीक करत नेतात.

यांची एक पद्धत आहे. मध्येच हे काहीच वाजवत नाहीत, नुसते थांबतात. तरी कितीतरी लोक बटण दाबतात, आणि अगदी खात्रीनं दाबतात. मला हसू यायचं. हे कधी हसले नाहीत. "फसवत नाहीत गं ते," म्हणायचे. "ऐकायची इतकी इच्छा असते, की ऐकू येतं." असं म्हणून तो भाग बाजूला ठेवायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे. माणूस पाठीमागून बघितला तर थोडा वाकलेला, समोरून बघितला तर नेहमी काहीतरी चुकल्यासारखा चेहरा. पण कामात हात एकदम पक्का.

यांना वाढवलं आत्यांनी. हे लहान असतानाच यांची आई गेली. वडील कामासाठी दुसऱ्या गावी गेले आणि मुलाला बहिणीकडे सोडून गेले. परत काही आले नाहीत. तिकडेच दुसरं लग्न केलं, तिकडेच वारले. घरात तो विषय कोणी काढत नसे. हे एकदाच मला म्हणाले होते, "मी फार रडका होतो. कंटाळले असतील." एवढं बोलून चपला घालून बाहेर गेले. आत्यांनी मात्र लग्न केलं नाही, पोरगा सांभाळला, शिकवला. म्हातारपणी आमच्याकडे राहायला आल्या, मागच्या गॅलरीला लागून असलेल्या खोलीत.

आत्या श्रद्धाळू. दर आठवड्याला प्रार्थनाघरात जाणार, ऊन असो की थंडी. यांनी शिकत असतानाच देव सोडला. भांडण वगैरे नाही. "माझी त्याच्याशी ओळख नाही, एवढंच," म्हणतात. पण आत्यांना पोचवायला हेच जायचे, त्या आत असेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसायचे आणि हात धरून परत आणायचे. आत्यांनी कधी "आत ये" म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं असतं तर यांना बरं वाटलं असतं. न म्हटल्यामुळे बिचारे दर आठवड्याला कट्ट्यावर बसून मनातल्या मनात सॉरी म्हणत राहायचे.

आता कानवाल्याच्या घरातली म्हातारी ठार बहिरी, हे म्हणजे दिव्याखाली अंधार. गल्लीतले लोक चिडवायचे. पण आत्यांना यंत्र नको होतं. "आयुष्यभर ऐकलं, आता पुरे," म्हणायच्या. खरं कारण वेगळं होतं, ते एका संध्याकाळी कळलं.

हे चहा घेऊन आत्यांच्या खोलीत गेले. आत्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होत्या. यांनी खांद्याला हात लावला तर दचकल्या, मग हसल्या आणि यांना शेजारी बसवून सांगितलं. रोज संध्याकाळी त्यांना गाणं ऐकू येत होतं. पुष्कळ माणसं मिळून प्रार्थना म्हणतात तसं. शब्द नीट कळत नव्हते, पण चाल ओळखीची, लहानपणीची. कान बंद झाल्यापासून देवानं ही सोय केली, असं त्यांचं म्हणणं. "कुणाला सांगू नकोस," म्हणाल्या. "लोक वेडी म्हणतील."

हे स्वयंपाकघरात आले ते हरवलेली किल्ली सापडल्यासारखा चेहरा करून. "पुस्तकात आहे हे," म्हणाले. "बाहेरून आवाज येईनासा झाला की मेंदू रिकामा बसत नाही. जुनं काढून स्वतःच वाजवतो. यंत्र लावलं की बहुतेकांचं थांबतं. मी आजवर एकही असा रुग्ण बघितला नव्हता." मी कांदा चिरत होते. "वाजवू दे की मग," म्हटलं, "कोणाचं काय जातंय?" यांनी एक कांदा उचलून सोलायला घेतला. पण पुढचे काही दिवस मी बघत होते, आत्यांकडे यांची नजर भाच्याची नव्हती, कानवाल्याची होती.

मग एक दिवस टेम्पो आला. गल्लीत आत्यांच्या मागून येत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि आत्या आपल्या रस्त्याच्या मधून शांतपणे चालत होत्या. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं ओढलं म्हणून वाचल्या. त्यानंतर यांनी ऐकलं नाही. कानाचे साचे घेतले, यंत्रं बसवली आणि बजावलं, "उठल्यापासून झोपेपर्यंत काढायची नाहीत. कानाला सवय होऊ दे." आत्यांनीही मान डोलावली. जीव घाबरला होता त्यांचा.

मी मागच्या खोलीत जाऊन विचारलं, "गाणं जाईल ते सांगितलंत का त्यांना?"

"सगळ्यांचंच जातं असं नाही," हे म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले. एरवी विचारलं नाही तरी माफी मागणारा माणूस, त्या दिवशी नाही मागितली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पहिले काही दिवस मजेचे गेले. आत्यांना फ्रिज गुरगुरतो हे पहिल्यांदा कळलं. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून त्या दोनदा मागे वळून बघायच्या. मी सवयीप्रमाणे ओट्याशी पुटपुटले, "आता म्हातारी चहा मागणार." मागून आवाज आला, "मागणारच आहे. आणि साखर जरा जास्त घाल." इतकी वर्षं मी ज्या घरात मोकळेपणानं बोलत होते, तिथे मला तोंड आवरावं लागायला लागलं. हे हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

नंतर आत्या हळूहळू मिटत गेल्या. संध्याकाळी खोलीत बसायच्या, बोटं गुडघ्यावर, पण बोटं हलायची नाहीत. एकदा प्रार्थनाघराच्या पायरीपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "आज नको. घरी चल." पुढच्या आठवड्यात निघाल्याच नाहीत. आणि मग त्यांनी माफी मागायला सुरुवात केली.

आधी खालच्या मजल्यावरच्या बाईंची. कधीतरी त्यांच्या कुंडीत आत्यांनी गरम पाणी ओतलं होतं म्हणे. मग दूधवाल्याची. तो बिचारा घाबरून म्हणाला, "आजी, दूध पातळ येतंय ते तुमच्यामुळे नाही." मग माझी. माझा हात धरून म्हणाल्या, "तू नवीन असताना मी तुला फार टोचून बोलले." हे मला कधीपासून ऐकायचं होतं. खरं सांगते, एक दिवस मी त्या वाक्याची चव घेत फिरले. दुसऱ्या दिवशी मात्र भीती वाटली. माणूस असा सगळ्यांचे हिशेब मिटवायला लागला की घरचे रात्री उठून त्याचा श्वास बघतात.

"आत्या, झालं काय?" मी विचारलं.

"देवानं तोंड फिरवलं माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "काहीतरी पाप आहे माझ्या हातून झालेलं. ते सापडेपर्यंत शोधायला पाहिजे."

यंत्राचा त्यांना संशयही नव्हता. यंत्र तर कान उघडणारं, त्यानं गाणं कसं जाईल? त्यांच्या हिशेबी गाणं देवानं दिलं आणि देवानंच काढून घेतलं. मधे कानवाला कुठे येतच नव्हता.

यांना मी ते जसंच्या तसं सांगितलं. यांचं जेवण त्या दिवसापासून निम्मं झालं. "सांगून टाका," मी म्हणायचे. हे म्हणायचे, "काय सांगू? तो देव नव्हता, मेंदू होता? तिला पापातून सोडवायचं तर देवातूनही सोडवावं लागेल. आणि नाही सांगितलं तर ती पाप शोधत बसेल. मी तिचं काय करून ठेवलं गं?" यांचा चेहरा बघवत नव्हता. दाराला सॉरी म्हणणारा माणूस खऱ्या गुन्ह्याशी गाठ पडल्यावर अगदी कोरडा पडला होता.

माझा थोरला भाऊ कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. त्याचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं म्हणून आमच्या मुलीनं त्याचं नाव पणमामा ठेवलंय. तो रविवारी जेवायला आला. आत्या आत झोपल्या होत्या, त्यांची यंत्रं डबीत. यांनी सगळं त्याच्यापुढे मांडलं.

"पण कारण सापडलं म्हणजे अर्थ संपला, असं कुठे ठरलंय?" पणमामा म्हणाला. "आईच्या हातचं जेवल्यावर पोट का भरतं ते डॉक्टर सांगेल. म्हणून आईचं प्रेम खोटं ठरतं का?"

"ते वर्गात छान वाटतं," हे म्हणाले. "मेंदू गातो हे मला माहीत आहे. देव गातो हे तिला माहीत आहे. दोघांपैकी एकाचं खरं."

"पण देव गाणार तो मेंदूतूनच ना? त्याच्याकडे दुसरं वाद्य कुठलंय?"

"म्हणजे तुम्ही देव मानता?"

"मी? छे."

"बघा," हे माझ्याकडे वळून म्हणाले. "यांना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. कुणाच्या कानात काही घालायचं नसतं यांना."

पणमामा रागावला नाही, तो रागावतच नाही, तीच तर त्याच्याबद्दल माझी तक्रार आहे. त्यानं ताटातला शेवटचा घास संपवला आणि म्हणाला, "पण एक सांगा भावजी, आत्यांना काय पेलेल आणि काय नाही, हे तुम्ही दोघं परस्पर का ठरवताय?"

यांनी रिकामी ताटं उचलली. उद्या सांगतो, म्हणाले. मग उद्याचा परवा झाला.

आणि त्याआधीच आत्यांना पाप सापडलं.

दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. आत्या एकट्या चालत दुकानात आल्या. मला वाटलं, यंत्रात मळ अडकला असेल. पण त्या म्हणाल्या, "त्याला बाहेर बोलव." हे आले. आत्या बाकावर बसल्या होत्या. यांना समोरच्या खुर्चीत बसायला लावलं. मला म्हणाल्या, "तू पण थांब. तुला माहीत असू दे."

"तुझा बाप आला होता," त्या म्हणाल्या.

यांना काही कळलं नाही. मलाही.

"तू शाळेत जायला लागला होतास. त्यानं तिकडे घर केलं होतं, तुला न्यायला आला होता. तू शाळेत होतास. मी त्याला दारातच उभं केलं. म्हटलं, पोरगा तुझं नाव काढत नाही. तुझं नाव काढलं तर रडतो. आता आलास तर बावरेल, पुन्हा येऊ नकोस." आत्यांनी पदर नीट केला. "तू तर रोज विचारायचास. रोज. बाबा कधी येणार, बाबा कधी येणार. मी त्याला खोटं सांगितलं. तू गेला असतास तर मी काय करणार होते? त्यानं माझं खरं मानलं. आणलेला खाऊ माझ्या हातात दिला आणि गेला. तो खाऊ मी तुला दिला, माझा म्हणून."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. आत्यांनी त्या आवाजानं डोळे मिटले, परत उघडले.

"म्हणून थांबलं ते," त्या म्हणाल्या. "आता मला कळलं."

हे उठले. "असू दे, आत्या," म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात, गिऱ्हाईकाला सांगावं तसं. आणि मागच्या खोलीत निघून गेले.

मी आत्यांना पाणी दिलं आणि आत गेले तर खोलीत हे नव्हते. काचेतून बघितलं तर पेटीत बसले होते, दार लावून. मी दार उघडलं.

"माझ्यामुळे बोलली ती," हे म्हणाले. "मी वेळेवर सांगितलं असतं तर तिला हे काढावं लागलं नसतं. म्हातारपणी तिच्या मनातलं गुपित ओढून काढलं मी. चोरीच झाली ही."

मला इतका राग आला. "तुमचे वडील आले होते," मी म्हटलं. "ऐकलंत का तुम्ही? न्यायला आले होते."

यांनी माझ्याकडे बघितलं. ऐकलं होतं, पण आत पोचलं नव्हतं. मग पोचलं. तोंडावर हात धरून बसले. हा माणूस आयुष्यभर जगाची माफी का मागत फिरला, ते मला त्या स्पंजच्या पेटीत कळलं. लहानपणी याच्या मनानं घेतलं होतं, की बाप गेला तो आपल्यामुळे. कोणीतरी सांगायला हवं होतं की तसं नाही, आणि जिनं सांगायचं तिनंच दार लावलं होतं. मला आत्यांचाही राग आला. मग त्यांनी उन्हातान्हात याला शाळेत पोचवल्याच्या गोष्टी आठवल्या, आणि राग धड कोणावरच ठरेना.

त्याच संध्याकाळी हे आत्यांच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले. यांनी सगळं सांगितलं. कान, मेंदू, यंत्र, पुस्तकात काय लिहिलंय, सगळं. शब्द साधे वापरले, काही लपवलं नाही.

आत्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "हे तुला यंत्र बसवताना माहीत होतं?"

"हो."

"आणि मी सगळ्यांची माफी मागत फिरत होते तेव्हा?"

"तेव्हाही."

आत्यांचा हात उचलला गेला. मला वाटलं, आता थोबाडीत मारणार, आणि मारली असती तर मी अडवलं नसतं. पण हात परत मांडीवर आला. "इतके दिवस मला पापी ठेवलंस," त्या म्हणाल्या. हे मान खाली घालून बसले.

"म्हणजे देव माझ्यावर रागावला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही, आत्या. गाणं यंत्रामुळे थांबलं, एवढंच मला माहीत आहे." मग घाईघाईनं म्हणाले, "संध्याकाळपुरतं काढून ठेव. परत येईल कदाचित. रस्त्यावर जाताना तेवढं लाव. मी खरंच—"

आत्यांचा हात कानाकडे गेला. गाण्याची वेळ हीच होती. त्यांनी यंत्राला बोट लावलं, आणि काढायच्या ऐवजी ते आणखी आत नीट दाबून बसवलं. मग दुसऱ्या कानातलं.

"ते यायचं तेव्हा येईल," त्या म्हणाल्या. "देवाकडून यायचं तर देवाकडून, मेंदूकडून यायचं तर मेंदूकडून. त्याचं तुम्ही शिकलेले लोक बघा. पण गाणं यंत्रानं थांबवलं. तुझ्या बापाला मी थांबवलं. त्याला यंत्र कारण नाही ना?"

यांनी मान वर करून आत्यांकडे बघितलं.

"दुकानात तू 'असू दे' म्हणालास. ते मला ऐकू आलं. ते उत्तर नव्हतं, बाळा. तू आत पळालास, तुझी चूक घेऊन. आता माझी ऐक. मी केलं ते मला माफ करशील का, एवढं सांग."

यांना माफी मागायचा केवढा सराव. पण द्यायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण कोणी काही केलं तरी हे आधीच आपल्या अंगावर ओढून घेणार.  मी दारात, हातात कप, चहा गार होत चाललेला. मनात म्हणत होते, म्हणा हो, हो म्हणून टाका, म्हातारं माणूस आहे. आणि त्याच मनात हेही होतं, की नका म्हणू, एकदा तरी खोटं नका बोलू.

"अजून नाही, आत्या," हे म्हणाले. आवाज फार बारीक होता, मला दारातून जेमतेम कळला.

आत्यांनी मान हलवली. "ऐकू आलं," म्हणाल्या आणि माझ्या हातातला कप घ्यायला उठल्या.